आधी इथे कोण राहत होतं?

आत्या,

तुझ्या पुण्यानुमोदनाला पुष्कळ माणसं आली. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण सांगत होता की तू फार कष्ट केलेस. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काजं-बटणं केलीस, लग्न केलं नाहीस, भावाचा संसार आपला मानलास. सगळं खरं होतं. पण तू घरमालकीण होतीस हे कोणीच बोललं नाही. मागच्या रांगेत बसून मला आधी हसू आलं आणि मग त्याचंच रडू झालं. कारण तुला तो शब्द सगळ्यांत जास्त आवडायचा. मीटर बघायला येणारा असो की सोसायटीचा सेक्रेटरी, "मालक कुठे आहेत?" असं कोणी विचारलं की तू पदर सारखा करून म्हणायचीस, "मालक नाहीत. मालकीण आहे. बोला."

बदलापूरचं ते घर तू घेतलंस तेव्हा मी शाळेत होते. तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि डोंगराकडे उघडणारी अरुंद गॅलरी. खाली तेव्हा नुसतं गवत होतं. बाबा म्हणाले होते, "ताई, इथे कोण राहायला येणार? म्हशी?" आपण सगळे अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने राहत होतो, आणि तू मात्र नवं घर घेऊन ते परक्यांना द्यायला निघाली होतीस. आईला ते कळत नव्हतं. मलाही नाही.

मला आठवतं ते तुझं घर रिकामं करणं आणि भरणं. एक कुटुंब सोडून गेलं आणि दुसरं यायचं असलं की मधला एक पूर्ण दिवस तू त्या मोकळ्या घरात जाऊन बसायचीस. मला बरोबर न्यायचीस. चटई, स्टोव्ह आणि चहाचं पातेलं एवढंच सामान. झाडून झालं की भिंतीला टेकून बसायचं. पाणी कधी येतं, किती जोराने येतं, पंपाचा आवाज कुठल्या भिंतीतून येतो, दुपारचं ऊन कुठवर सरकतं, मोरीला वास कधी सुटतो. मला कंटाळा यायचा. "आत्या, आपण कशाची वाट बघतोय?" मी विचारायचे.

"घराची," तू म्हणायचीस. "ते दिवसभरात सगळं सांगतं. आपण येणाऱ्याला सांगायचं. त्याने राहायला आल्यावर शोधून काढायचं नाही."

आणि तू खरोखर सांगायचीस. लछूभाई एजंट उल्हासनगरहून गिऱ्हाईक घेऊन यायचा. तो दारातून "हवा बघा, उजेड बघा" असं सुरू करायचा, आणि तू मागून, "पावसाळ्यात त्या कोपऱ्यात ओल येते, पलंग तिकडे लावू नका. वरच्या मजल्यावर पहाटे खलबत्ता कुटतात. लिफ्ट महिन्यातून एकदा रुसते." लछूभाई कपाळाला हात लावायचा. "बहेन, तू घर दे रही है के उसकी बीमारी बता रही है?"

"औषध करणाऱ्याला आजार माहीत हवा," तू म्हणायचीस.

तरी घर कधी रिकामं राहिलं नाही. माणसं तुझ्याकडे टिकायची. आधी तलाठी कचेरीतला तो शिपाई आणि त्याचा मोठा परिवार, मग दोघी बहिणी, मग केरळची ती नर्स, जिने तुला इडलीचं पीठ आंबवायला शिकवलं. मी बारावीनंतर बी.कॉम.ला गेले तेव्हा तू मला त्या नर्सच्या घरी घेऊन गेलीस आणि तिच्या पाया पडायला सांगितलंस. ती बिचारी घाबरून उठूनच उभी राहिली. बाहेर आल्यावर मी चिडले. तू म्हणालीस, "तुझी कॉलेजची फी तिच्या भाड्यातून जाते. मी फक्त मधली आहे."

आपल्या घराण्यातली पदवी घेतलेली पहिली मुलगी, असं सगळे मला म्हणतात. ती पदवी किती अनोळखी माणसांनी मिळून मला दिली, ते तू नसतीस तर मला कळलंच नसतं.

शिकल्यावर मी तुझी सल्लागार झाले. अकरा महिन्यांचा इंग्रजी करार तुला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्यातली कलमं मराठीत सांगायची, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायची, सोसायटी भाड्याच्या घरांवर जादा आकार लावते त्यावर सेक्रेटरीशी भांडायचं. मोबाइलवर घराचे फोटो टाकून जाहिरातही मीच केली. तू प्रत्येक कलमानंतर विचारायचीस, "हे दोघांना सारखं लागू आहे ना?" बहुतेक वेळा नसायचं. "मालकाच्या बाजूने आहे, आत्या. आपल्या फायद्याचं आहे." मग तू कागद माझ्याकडे परत सरकवायचीस, आणि मला कळायचं की ते कलम आता बदलावं लागणार.

मोहितेकाकांना घर द्यायचं ठरलं तेव्हा मात्र मी लछूभाईच्या बाजूची होते. काका एका दवाखान्यात कंपाउंडर होते, निवृत्त, एकटे. मुलगा दूर. लछूभाईने नियम सांगितले, "देखो, वकील नको, पोलीस नको, बॅचलर नको, आणि एकटा म्हातारा तर अजिबात नको. कल को कुछ हो गया तो घर बैठ जाता है."

"मग उरलं कोण?" तू विचारलंस.

"फॅमिली."

"म्हातारा होईपर्यंत तेही फॅमिलीच होते ना?"

काका तुझ्याकडे तीन पावसाळे राहिले. ओल येणाऱ्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच कसलासा लेप लावला. गॅलरीत खुर्ची टाकून डोंगर बघत बसायचे. तू कधी नळ दुरुस्तीला, कधी उगीचच जायचीस आणि दोघं एकमेकांना ‘अहो’ म्हणून औषधांबद्दल बोलायचात. आणि एकदा तू प्लंबरला घेऊन गेलीस आणि दार आतून बंद होतं.

त्याबद्दल तू मला कधी सगळं सांगितलं नाहीस. एवढंच म्हणालीस, की ते खिडकीपाशी बसलेले होते आणि त्यांचा चष्मा डोळ्यांवर नीट होता.

मुलगा येऊन सामान घेऊन गेला. तू भिंतींना रंग दिलास, तुझा तो एक दिवस तिथे बसलीस, आणि घर भाड्याला काढलंस. पण या वेळी ते भरेना. माणसं यायची, गॅलरी बघून खूश व्हायची, नळ सोडून बघायची आणि मग कोणीतरी विचारायचंच, "आधी इथे कोण राहत होतं?"

"मोहितेकाका," तू म्हणायचीस. "इथेच वारले. त्या खिडकीपाशी. भले गृहस्थ होते."

मग ती माणसं घड्याळ बघायची. "कळवतो," म्हणायची. जिन्यावरून उतरताना त्यांचं कुजबुजणं वर ऐकू यायचं.

भाडेकरू मिळत नव्हता आणि माझ्या धाकट्या भावाचं, धीरजचं, कॉलेज सुरू झालं होतं. रिकाम्या घराचाही सोसायटीचा खर्च चुकत नाही, हे मी तुला मांडून दाखवलं. मग मी तुला एक शब्द सुचवला. मला अगदी साधा उपाय वाटला होता. कोणी विचारलं तर म्हणायचं, "आधी एक काका होते, ते गेले." बस. ज्याला घर सोडून गेले असं समजायचं असेल तो तसं समजेल. ज्याला दुसरं समजेल त्याला ते समजेल. आपण खोटं बोललो नाही.

तू भाजी निवडत होतीस. हात थांबले. "गेले म्हणजे कुठे गेले, असं विचारलं तर?"

"विचारत नाहीत कोणी."

"म्हणूनच सांगायचं."

"आत्या, घर विकणारे, भाड्याने देणारे सगळे असंच करतात. कुठल्या घरात कोणी मेलं नाही, सांग? अंबरनाथची ही खोली घे. यात आजोबा गेले ना?"

"वारले," तू म्हणालीस. "आजोबा वारले. गेले नाहीत."

मला तो हट्ट वाटला. तुझ्यासारख्या समजूतदार बाईने एका शब्दासाठी अडून बसावं हे मला पटत नव्हतं. आणि मग तू तुझ्या पद्धतीने त्यावर तोडगा काढलास. तू स्वतःच बदलापूरला राहायला गेलीस. "रिकाम्या घरात मेलेलं माणूस दिसतं," तू म्हणालीस. "मी राहते म्हटलं की लोकांना मी दिसेन." आई रडली. तू तुझी चटई आणि पातेलं घेऊन गेलीस, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात राहायला लागलीस.

तिथे तू आनंदात होतीस, हे मला कबूल करायला हवं. गॅलरीत मिरचीचं रोप लावलंस. शेजारच्या काकूंना फोडणीत तीळ घालायला लावलेस. मी रविवारी यायचे तेव्हा तू ओळख करून द्यायचीस, "ही माझी भाची. बी.कॉम. आहे." मी म्हणायचे, "आत्या, आता बी.कॉम. सगळेच असतात." तू म्हणायचीस, "सगळ्यांची भाची नसते."

शेवटच्या रविवारी एक शिक्षक जोडपं घर बघायला आलं होतं. चांगली माणसं होती. बाईंनी तुझं रोप बघून कौतुक केलं. त्यांनी विचारायच्या आत मीच म्हटलं, "आधी एक काका राहायचे, ते गेले. आता आत्या राहते." तू चहा गाळता गाळता स्वयंपाकघरातून म्हणालीस, "गेले नाहीत. वारले. इथेच." आणि चहा घेऊन बाहेर आलीस. त्यांनी चहा प्यायला. "कळवतो," म्हणाले.

ते गेल्यावर मी पुष्कळ बोलले. तू ऐकून घेतलंस. शेवटी एवढंच विचारलंस, "तुला हा शब्द कोणी शिकवला?"

"कोणी शिकवायला कशाला लागतं? सगळेच म्हणतात."

तू खिडकीकडे तोंड केलंस. "हो," म्हणालीस. "सगळेच म्हणतात."

तुझ्या मनात काहीतरी होतं आणि तू ते बोलली नाहीस. पुढचा रविवार होताच, म्हणून मीही विचारलं नाही. पण पुढच्या रविवारआधी शेजारच्या काकूंचा फोन आला की तुझ्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी सकाळपासून तशीच लटकते आहे.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच. त्रास झाला नाही. मी ते लोकांना सांगते आणि सगळ्यांना बरं वाटतं. मला वाटत नाही. मला रोज वाटतं की तू जागी होतीस आणि घराचा आवाज ऐकत होतीस.

तुझ्यानंतर लछूभाई भेटायला आला. खरंच हळहळला. तुझ्याकडून त्याने कधी दलाली वाढवून मागितली नव्हती, हेही सांगितलं. उठताना दारात थांबून म्हणाला, "बेटा, बुरा मत मानना. एक मौत हो तो घर है. दो हो गयी तो किस्सा है. रंग लगवाओ, दरवाजा बदलो, और कोई पूछे तो बोलो मालकिन गाव को गयी." मी मान हलवली. त्याचा हेतू वाईट नव्हता. शब्दही माझाच होता, थोडा हिंदीत.

रंग दिला. पण घर दिवसेंदिवस बंद राहिलं की खिडकीत कबुतरं शिरतात, नळ गंजतात. म्हणून मी ऑफिस सुटल्यावर तिथे जायला लागले. दिवा लावायचा, खिडकी उघडायची, मिरचीला पाणी घालायचं. तेवढंच करून निघायचं असं ठरवलं होतं. मग मी बसायला लागले. मग बोलायला.

सुरुवातीला दोन-चार वाक्यं. आज साहेब असं म्हणाले, धीरजने तसं केलं. मग आपलं भांडण. तो राहिलेला रविवार. मी माझी बाजू मांडायचे आणि तुझं उत्तरही मीच द्यायचे, तुझ्या सुरात, शब्द ओढत. "म्हणूनच सांगायचं." ते माझ्या तोंडून बाहेर यायचं तेव्हा तो आवाज मी काढत नव्हते. तो आपोआप यायचा. एकदा बेल वाजली आणि मी उठायच्या आधी माझ्याच तोंडून निघालं, "मालकीण आहे. बोला." दारात कुरिअरवाला होता. पत्ता चुकला होता त्याचा. माझ्याकडे बघून तो जरा मागे सरकला. सोसायटीची माणसंही हल्ली दारासमोरून जाताना भराभर पाय उचलायची.

घरी कोणाला हे माहीत नव्हतं. बाबांना संशय असावा. एका संध्याकाळी मी उशिरा आले तर ते बाहेरच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "घर लागत नाहीये, ना?"

मी लछूभाईचा सल्ला सांगितला. म्हटलं, "आत्या असती तर ऐकलं नसतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. का नव्हती बोलत, मला कधी कळलं नाही."

बाबा चपलेचा बंद चाचपायला लागले. मग त्यांनी सांगितलं. आजोबा कामासाठी गावाहून इकडे आले तेव्हा खोली शोधायला तुला घेऊन जायचे. तू दहा-बारा वर्षांची. तुला वाचता यायचं, त्यांना नाही, म्हणून. दाराला पाटी असायची, ‘खोली भाड्याने देणे आहे.’ तू वाचून दाखवायचीस. आत जायचे. मालक खोली दाखवायचा, हसून बोलायचा, मग आडनाव विचारायचा. आडनाव ऐकलं की म्हणायचा, "अरे, सांगायचं राहिलं, खोली गेली." दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाताना पाटी तिथेच असायची. तू पुन्हा वाचायचीस. आजोबा म्हणायचे, "वाचू नको आता."

"एकाही माणसाने ‘तुम्हाला देत नाही’ असं तोंडावर सांगितलं नाही," बाबा म्हणाले. "सगळ्यांचं एकच. गेली. ताई म्हणायची, शिवी दिली असती तर परवडलं असतं."

आत्या, तू मला हे का सांगितलं नाहीस? मी तोच शब्द हातात घेऊन तुझ्यासमोर उभी होते, शिकलेली, तुझ्याच भाड्यावर शिकलेली, आणि तू फक्त खिडकीकडे तोंड केलंस. मला वाईट वाटू नये म्हणून? की तुला वाटलं, हिला त्या पाट्या वाचाव्या लागल्या नाहीत तर नकोच वाचायला? मी हे तुला त्या घरात जाऊन पुन्हा पुन्हा विचारलं. बाकी सगळ्याचं उत्तर तुझ्या आवाजात यायचं. याचं आलं नाही.

नंतरच्या आठवड्यात एक मायलेक आले. मुलगा अंबरनाथच्या एका कारखान्यात लागलेला, आई जालन्याकडची, पहिल्यांदाच गाव सोडून आलेली. मुलगा नळ, बटणं, मोबाइलची रेंज बघत फिरत होता. आई आली ती सरळ जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. मी त्यांना ओल येणारा कोपरा दाखवला, वरचा खलबत्ता सांगितला, लिफ्टचं सांगितलं. मुलगा हसायला लागला. "मॅडम, द्यायचंय ना घर?"

आईने विचारलं, "आदी हितं कोन ऱ्हात व्हतं?"

धीरजची फी, बाबांचं वय, लछूभाईचा चेहरा, सगळं एकदम समोर आलं. मी म्हणाले, "आधी मोहितेकाका राहायचे. ते इथेच वारले. मग माझी आत्या राहायला आली, तिचं घर होतं हे. तीही इथेच वारली. दोघंही भली होती."

मुलाने बटण दाबायचं थांबवलं. "आई, चल. दुसरी एक रूम बघायचीय आपल्याला."

आई उठली नाही. "थांब रं. खाली वाचमन सांगत व्हता, संध्याकाळी या घरात दोन बाया बोलत्यात म्हनून. कुलूप असतंय आन् आतून आवाज येतो. खरं हाय का, बाई?"

मला ते ठाऊकच नव्हतं. सोसायटीची माणसं दारासमोर पाय का उचलतात ते मला तेव्हा कळलं. तुझ्या घराला मोहितेकाकांनी झपाटलं नव्हतं, तू झपाटलं नव्हतंस.

"खरं आहे," मी म्हणाले. "पण दोन नाहीत. एकच आहे. मी."

"आन् दुसरी?"

"दुसरी पण मीच. आत्याचं उत्तर मी देते. कुलूप नसतं, आतून कडी असते. लोकांना बाहेरून काय वाटतं, कोण जाणे."

मुलगा माझ्याकडे बघेना. बाईने मात्र मला नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात शेरडू बघतात तसं. मग शेजारची जमीन हाताने थोपटली. मी जाऊन बसले. आम्ही दोघी पंपाचा आवाज ऐकत होतो.

"घर चांगलं हाय," ती मुलाला म्हणाली. "लपवत न्हाई काई." आणि मग माझ्याकडे वळून तिने जे विचारलं त्याची मी कधी तयारीच केली नव्हती. "पर आमी ऱ्हायला आल्यावर तुमी बोलनार कुठं, बाई?"

ते राहायला आले त्याला आता काही दिवस झाले. करार मी वाचून दाखवला, दोघांना सारखा लागू होईल असा. तिने तुझ्या मिरचीला माती घातली आहे म्हणे. मी तिकडे जात नाही. कितीही वाटलं तरी ते आता त्यांचं घर आहे, आणि तू भाडेकरूच्या घरात कधी न विचारता पाऊल टाकलं नाहीस.

म्हणून हे अंबरनाथला आपल्या खोलीत बसून लिहिते आहे. आई आत झोपली आहे, धीरज अभ्यासाला बसला आहे, मोठ्याने बोलायची सोय नाही. माझ्या बाजूचं सगळं लिहून झालं. मी पुष्कळ वेळ पेन धरून थांबले. तुझं उत्तर येत नाही, आत्या. तिथे ते यायचं.